काळा तुकडा, निळा तुकडा : सिलिकॉनच्या नॅनोतारांचे सोलर सेल

(भातकुली इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आत यायच्या आधी बाहेर चहा घेत होतो, तर एका तरुण शेतकरी मित्रानं मला गाठलं. म्हणाला, "सर, मले एक सांगा. ते नॅनोवालं सोलर येऊन राह्यलं म्हन्तात. दुप्पट वीज देते म्हन्ते. तं आता पंपाचे पैसे भरू का दोन वर्ष थांबू?" मी त्याला म्हटलं, भाऊ, आजचं व्याख्यान त्याच्यावरच आहे, शेवटपर्यंत बस, उत्तर देऊनच जातो. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, मला दिसतोय. म्हणजे आता मला पळता येणार नाही.

तर सुरुवात या दोन डब्यांपासून करू. या डबीत सिलिकॉनचा निळा तुकडा आहे. बाजारात जे पॅनल मिळतं त्यातल्या सेलचा तुकडा. या दुसऱ्या डबीतही सिलिकॉनच आहे, पण हा बघा किती काळा आहे. चूल सारवायच्या आधी जशी काजळी दिसते ना, तसा. पुढच्या रांगेतल्या मुलांनी जवळून बघा, पण बोट लावू नका. यात तुमचं प्रतिबिंबसुद्धा दिसणार नाही, कारण पडलेला प्रकाश तो परतच पाठवत नाही. आता मला सांगा, यातला कुठला तुकडा जास्त वीज देत असेल? हात वर करा. काळा? बरं. निळा? दोघं-तिघं.

जवळजवळ सगळ्यांनी काळ्याला मत दिलं, आणि तुमचा विचार बरोबर आहे. जो प्रकाश जास्त पितो तो वीज जास्त देईल. मे महिन्यात काळा सदरा घालून वावरात गेलं की काय होतं हे भातकुलीच्या माणसाला मी सांगायला नको. मीसुद्धा विद्यार्थी असताना असंच समजत होतो. हा काळा तुकडा मी स्वतः केलेला आहे, अशाच तुकड्यांपासून आम्ही सेल तयार केला होता. मोठ्या उत्साहानं मोजायला घेतला, आणि त्यानं साध्या निळ्या सेलच्या निम्मीही वीज दिली नाही. दोन दिवस मला वाटत होतं मीटर बिघडलंय. मीटर ठणठणीत होतं.

आजचा सगळा विषय या एका गोष्टीभोवती आहे. प्रकाश आत घेणं हे एक काम, आणि वीज बाहेर काढणं हे दुसरं काम. नॅनोतारांनी पहिलं काम फार सुंदर केलं. दुसऱ्या कामात त्यांचं कुठे अडलं ते आपण बघू.

आधी साधा सेल. सूर्यप्रकाश म्हणजे ऊर्जेच्या बारीक बारीक पुड्या समजा, त्यांना फोटॉन म्हणतात. फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरला की तो एका इलेक्ट्रॉनला जागचा हलवतो. इलेक्ट्रॉन सुटतो, त्याची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेला होल म्हणतात. हा सुटलेला इलेक्ट्रॉन फिरत फिरत पुन्हा कुठल्यातरी होलमध्ये जाऊन पडला, तर मुसळ केरात. मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन गेली. पण त्या दोघांना वेगळं केलं, इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेनं फिरवून, वाटेत मोटर चालवून मग परत आणलं, तर ती वीज. वेगळं करण्यासाठी सिलिकॉनच्या एका भागात चिमूटभर बोरॉन आणि दुसऱ्या भागात चिमूटभर फॉस्फरस मिसळतात. दोघांच्या सीमेवर आपोआप एक विद्युतक्षेत्र तयार होतं, ते इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलतं आणि होलला दुसऱ्या बाजूला. ही सीमा म्हणजे जंक्शन. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी असा पहिला कामाचा सिलिकॉन सेल केला, त्याची कार्यक्षमता होती ६ टक्के. आज बाजारातली चांगली पॅनल २१ ते २३ टक्क्यांची असतात.

आता अडचण बघा. सिलिकॉन हा प्रकाश पिण्याच्या बाबतीत थोडा आळशी पदार्थ आहे. निळा प्रकाश तो अर्ध्या मायक्रॉनच्या आत शोषून घेतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो. लाल प्रकाशाला सुमारे ५ मायक्रॉन लागतात. आणि डोळ्याला न दिसणारा जो अवरक्त प्रकाश आहे, त्यातला काही तर १५० मायक्रॉन आत गेल्याशिवाय शोषला जात नाही. म्हणून सिलिकॉनची चकती, वेफर म्हणतात तिला, जाड ठेवावी लागते.

जाड ठेवली की दुसरी अडचण. खोलवर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला जंक्शनपर्यंत चालत यावं लागतं. हे समजायला आपली कापूस वेचणी घेऊ. वेचणारी बाई ओटीत कापूस भरते, गाडी लांब धुऱ्यावर उभी आहे. वावर साफ असेल तर कापूस गाडीपर्यंत पोचेल. वाटेत काटे, खड्डे, चिखल असेल तर थोडा इथं सांडेल, थोडा तिथं, आणि लांबच्या तासातला तर गाडीपर्यंत येणारच नाही. सिलिकॉनमधली अशुद्धता म्हणजे हे काटे आणि खड्डे. म्हणून सोलरचं सिलिकॉन अतिशुद्ध लागतं, ९९ नंतर दशांशचिन्ह देऊन पुढे सहा-सात नऊ लिहावे लागतील इतकं. गारगोटीचा दगड आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंशांना तापवून जे सिलिकॉन निघतं ते ९८-९९ टक्के शुद्ध असतं, ते बरंच स्वस्त. खरा खर्च आहे तो त्या पुढच्या नवांचा. वर आणखी एक दुखणं असं, की सिलिकॉनचा ठोकळा करवतीच्या तारेनं कापून चकत्या काढायच्या, तेव्हा जुन्या पद्धतीत जवळजवळ ४० टक्के माल भुसा होऊन जायचा. महागामोलाचं शुद्ध केलेलं सिलिकॉन, आणि त्याचं कुटार!

म्हणजे पेच असा आहे. प्रकाश पिण्यासाठी जाडी हवी, इलेक्ट्रॉन गोळा करण्यासाठी अंतर कमी हवं. सपाट चकतीत या दोन्ही गोष्टी एकाच दिशेनं मोजल्या जातात, वरून खाली. एक वाढवली की दुसरी बिघडते.

२००५ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत ब्रेंडन केज, हॅरी अ‍ॅटवॉटर आणि नेथन लुईस यांनी हा पेच कागदावर सोडवला. त्यांनी म्हटलं, चकती करूच नका. उभ्या तारा करा. प्रकाश वरून तारेच्या लांबीनं खाली जाईल, त्याला हवी तेवढी खोली द्या. पण जंक्शन तारेच्या टोकाला न ठेवता तारेच्या भोवती ठेवा, सालीसारखं. आतला गाभा बोरॉनचा, बाहेरची साल फॉस्फरसची. मग इलेक्ट्रॉनला तारेच्या लांबीनं चालायचं नाही, फक्त आडवं, गाभ्यापासून सालीपर्यंत. आपल्या भाषेत, वावर लांबच लांब आहे पण अरुंद पट्टा आहे, आणि गाडीरस्ता टोकाला नाही, पूर्ण बांधाला लागून जातो. कुठल्याही बोंडापासून दोन पावलांत गाडी. मग वाटेत काटे असले तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे कमी शुद्ध, स्वस्त सिलिकॉनही चालेल! कल्पनेची खरी भुरळ इथं होती. नुसता जास्त प्रकाश पिणं हा त्यातला एक भाग. गरिबाच्या सिलिकॉनमधून श्रीमंताचा सेल करता येईल, ही आशा त्याहून मोठी होती.

शिवाय प्रकाशाचं काय होतं बघा. तुरीचं दाट वावर भर दुपारी आतून बघितलंय ना? खाली सावली असते. ऊन पानावर पडतं, पानावरून उडालेलं दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर, जमिनीपर्यंत फारच थोडं येतं. मोकळी जमीन मात्र ऊन परत फेकते. गुळगुळीत सिलिकॉन तर पडलेल्या प्रकाशातला तिसरा हिस्सा परत फेकतं. सेल निळा दिसतो तो त्यावर दिलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ थरामुळे, हे परत जाणं कमी करायलाच तो थर देतात. तारांच्या जंगलाला असा थर द्यायची गरजच पडत नाही, प्रकाश आत अडकतो तो अडकतो. २०१० साली बर्कलीच्या एरिक गार्नेट आणि पेइडाँग यांग यांनी मोजलं, की अशा तारांमध्ये प्रकाशाची वाट ७३ पटींपर्यंत लांबते. त्याच वर्षी कॅलटेकच्या गटानं दाखवलं, की थोड्या जाड, म्हणजे मायक्रॉनच्या मापाच्या तारा विरळ लावल्या, जमिनीचा पाच टक्क्यांहून कमी भाग सिलिकॉननं व्यापला, तरी दिवसभरात कामाला येऊ शकेल अशा प्रकाशापैकी ८५ टक्के प्रकाश त्या पितात. आणि सिलिकॉन किती लागलं? नेहमीच्या चकतीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतकं.

या तारा करायच्या कशा? रस्ते दोन. एक पेरणीचा, एक कोरणीचा.

पेरणीचा रस्ता जुना आहे. १९६४ साली बेल लॅबमध्येच वॅग्नर आणि एलिस यांनी सोन्याच्या थेंबांवर सिलिकॉनच्या तारा वाढवल्या. ते त्यांना मिशा म्हणत. यात एक गंमत आहे. सोनं १०६४ अंशांना वितळतं, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण दोघं योग्य प्रमाणात मिसळले तर ३६३ अंशांनाच पातळ होतात. मग सोन्याचे सूक्ष्म थेंब पसरायचे, तापवायचे, वरून सायलेन नावाचा सिलिकॉनयुक्त वायू सोडायचा. थेंब त्यातलं सिलिकॉन पितो, पितो, पोट भरलं की खाली घन सिलिकॉन टाकतो. खाली थर चढतो, थेंब वर उचलला जातो. थेंबाची जेवढी रुंदी तेवढी तारेची जाडी. थेंब डोक्यावर घेऊन तार वाढत जाते, जमिनीतून कोंब वर येताना बियाची टरफलं डोक्यावर घेऊन येतो ना, हुबेहूब तसं.

पण सोनं सिलिकॉनमध्ये थोडं जरी विरघळून राहिलं, तरी ते इलेक्ट्रॉनसाठी विहिरीसारखं असतं, पडला की गेला. म्हणून सोन्याऐवजी दुसरं काय, हा शोध सुरू झाला, आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातलं काम आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राजीव दुसाने यांच्या गटानं कथिलाचे थेंब वापरून हॉट वायर पद्धतीनं सिलिकॉनच्या नॅनोतारा वाढवल्या. कथिल म्हणजे तेच, पूर्वी गावात कल्हईवाला यायचा आणि पितळेच्या भांड्यांना लावायचा ते. ते २३२ अंशांनाच वितळतं, आणि आवर्तसारणीत सिलिकॉनच्याच घराण्यातलं असल्यामुळे आत राहिलं तरी सोन्याइतका त्रास देत नाही. हॉट वायर म्हणजे टंगस्टनची तार दीड-दोन हजार अंशांपर्यंत तापवायची, सायलेन तिच्यावर फुटतो, त्यामुळे खालचा तळ फार तापवावा लागत नाही. तळ थंड ठेवता आला म्हणजे साधी काच वापरता येते. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण महागड्या चकतीऐवजी काचेवर तारा वाढल्या तरच स्वस्ताईची गोष्ट पुढे जाते, नाहीतर नाही. फ्रान्समधल्या एकोल पॉलिटेक्निकच्या गटानं कथिलाच्या तारांवर अस्फटिकी सिलिकॉनची साल चढवून ८ टक्क्यांच्या वरचे सेल केले.

दुसरा रस्ता कोरणीचा. माझा काळा तुकडा त्या रस्त्यानं आलेला. सिल्व्हर नायट्रेट आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल यांच्या द्रावणात चकती बुडवायची. चांदीचे कण पृष्ठभागावर बसतात आणि जिथे बसतात तिथे सिलिकॉन खाल्लं जातं. कण खाली खाली धसत जातो, जे खाल्लं गेलं नाही ते उभ्या तारांच्या रूपानं उरतं. मग नायट्रिक आम्लानं चांदी धुऊन काढायची. भट्टी नको, निर्वात पंप नको. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. चकचकीत चकती डोळ्यांदेखत काळी पडते, पहिल्यांदा बघताना मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. मात्र मुलांनो, हे घरी करायचं नाही, अजिबात नाही. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खातं, म्हणून भांडंसुद्धा टेफ्लॉनचं लागतं, आणि कातडीतून शिरून ते हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोचतं. आमच्याकडे त्यावरचं औषध, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम, आधी टेबलावर ठेवायचं आणि मगच बाटली उघडायची, असा नियम होता.

तर तारा झाल्या. आता निकाल बघू. २००७ साली हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटानं एकाच तारेचा सेल केला, गाभा आणि साल असलेला. कार्यक्षमता जास्तीत जास्त ३.४ टक्के, वीज २०० पिकोवॅट. एक पिकोवॅट म्हणजे वॅटचा एक लाख कोटीवा भाग. ३ एचपीच्या पंपाला ३००० वॅटची पॅनल लागतात, म्हणजे अशा तारा लागतील १५ लाख कोटी. हसू नका, तारा तेवढ्या लावता येतात, चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी बसतात. प्रश्न संख्येचा नव्हता. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकनं पोलादी पत्र्यावर तारांचा मोठा सेल केला, तो ०.१ टक्का. बर्कलीचा २००८ चा सेल अर्धा टक्का, २०१० चा ५ टक्क्यांच्या आसपास. कॅलटेकचा त्याच वर्षीचा ७.९ टक्के. साधी निळी चकती तेव्हा १५ टक्क्यांच्या पुढे गेलेली होती.

असं का व्हावं? इथं मी थोडा हिशेब मांडतो, कारण हा हिशेब समजला की सगळं समजलं.

समजा एक तार ०.१ मायक्रॉन जाड आणि ५ मायक्रॉन उंच आहे. दोन तारांमध्ये ०.३ मायक्रॉन अंतर. मग एक चौरस मायक्रॉन जागेत साधारण ११ तारा बसल्या. एका तारेच्या बाजूच्या भिंतीचं क्षेत्रफळ काढा, परीघ गुणिले उंची, दीड चौरस मायक्रॉनपेक्षा थोडं जास्त येतं. अकरा तारांचं मिळून १७. म्हणजे पूर्वी जिथे एक चौरस मायक्रॉन पृष्ठभाग होता तिथे आता त्यात १७ चौरस मायक्रॉनची भर पडली. आणि पृष्ठभाग ही सिलिकॉनमधली सगळ्यात वाईट जागा. आतल्या प्रत्येक अणूचे चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले असतात. काठावरच्या अणूचा एखादा हात मोकळा राहतो. हा मोकळा हात जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला पकडतो आणि होलच्या खड्ड्यात टाकतो.

आपल्याकडे वाटण्या होतात तेव्हा काय होतं? दहा एकराचं वावर चार भावांत वाटलं, पुढच्या पिढीत बारा जणांत. जमीन तेवढीच, पण धुरे वाढले. धुऱ्याला लागून पीक येत नाही, काटेरी कुंपण पडलं की वेचलेला कापूसही तिथं अडकतो. नॅनोतार म्हणजे इतकी बारीक वाटणी, की वावर जवळजवळ सगळं धुराच झालं. गाडी दोन पावलांवर आली खरी, पण त्या दोन पावलांत कुंपण आलं. माझ्या काळ्या तुकड्यानं प्रकाश खरोखरच जास्त प्यायला होता. इलेक्ट्रॉन सुटलेही जास्त. पण बाहेर येईपर्यंत बहुतेक काठावरच गारद झाले. शिवाय तारांमध्ये चांदीचे कण थोडे राहिलेलेच होते, आणि इतक्या बारीक तारांच्या शेंड्यावर धातूचा नीट संपर्क बसवणं आम्हाला जमलं नव्हतं. ती चूक आमच्या हाताची, तारांची नाही.

यावर इलाज नाही असं नाही. मोकळे हात कोणीतरी धरले तर इलेक्ट्रॉन सुटतो. त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. एकेक अणूचा थर चढवत अॅल्युमिनियम ऑक्साइडचं पांघरूण घालायची एक पद्धत आहे, ते खोबणीत, भिंतीवर, सगळीकडे सारखं बसतं. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं काळ्या सिलिकॉनचा १८.२ टक्क्यांचा सेल दाखवला. २०१५ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात हेले साविन यांच्या गटानं हेच पांघरूण घालून आणि सगळे संपर्क मागच्या बाजूला नेऊन २२.१ टक्के गाठले. म्हणजे काळा तुकडा हरला असं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवलं तर ते खोटं होईल. मात्र त्या तुकड्यात तारांचं उंच जंगल नव्हतं, चकतीच्या वरच्या कातडीवर उगवलेलं आखूड गवत होतं. पूर्ण चकती खाली होतीच. सिलिकॉन वाचवायचं मूळ स्वप्न त्यात नव्हतं.

त्या स्वप्नाचं काय झालं, ते बाजारानं ठरवलं. २००८ साली शुद्ध सिलिकॉनचा भाव खुल्या बाजारात किलोला ४०० डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा शंभरावा हिस्सा सिलिकॉन लागेल म्हटलं की लोक थैल्या उघडत. मग नवे कारखाने आले, चार-पाच वर्षांत तोच भाव २० डॉलरच्या आसपास आला. करवतीच्या तारेला हिऱ्याची भुकटी लागली, भुसा कमी झाला. चकती ३०० मायक्रॉनवरून १५० च्या आसपास आली. २००४ च्या सुमाराला एका वॅटला १६ ग्रॅम सिलिकॉन लागायचं, आता दोन-अडीच ग्रॅम लागतं. ज्या खर्चावर नॅनोतारा उपाय म्हणून निघाल्या होत्या, तो खर्चच वितळून गेला. संशोधनात असं होतं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. ज्यांची डॉक्टरेटची पाच वर्षं त्यात गेली त्यांना मात्र वाईट वाटतं, हे मी स्वानुभवानं सांगतो.

तरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. हिऱ्याच्या तारेनं कापलेल्या बहुस्फटिकी चकत्या फार गुळगुळीत निघू लागल्या, जुन्या आम्लानं त्यांना खडबडीत करता येईना. तेव्हा चीनमधल्या कारखान्यांनी तीच चांदीची कोरणी उचलली, आमच्या टेफ्लॉनच्या भांड्यातली, आणि २०१६ नंतर काही वर्षं काळ्या सिलिकॉनचे सेल खरोखर बाजारात विकले. पुढे एकस्फटिकी चकत्या स्वस्त झाल्या, त्यांना साध्या अल्कलीत बुडवून पिरॅमिडसारखे उंचवटे आणता येतात, म्हणून ती पद्धतही मागे पडली.

आता तिसऱ्या रांगेतल्या मित्राचं उत्तर.

भाऊ, थांबू नकोस. कारणं सांगतो. साध्या एका जंक्शनच्या सिलिकॉन सेलची निसर्गानं घातलेली मर्यादा २९.४ टक्के आहे. प्रयोगशाळेतला विक्रम २७ च्या पुढे गेलेला आहे. म्हणजे २२ टक्क्यांच्या पॅनलचं नुसत्या सिलिकॉनवर 'दुप्पट' कधीच होणार नाही, तार करा नाहीतर चकती करा. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा थर चढवून लहान सेलमध्ये ३४ टक्क्यांच्या वर गेले आहेत, पण ते आपल्या उन्हात वीस-पंचवीस वर्षं टिकतील का, हे अजून दिसायचं आहे.

दुसरं, तुझ्या पंपाला कार्यक्षमतेची अडचण नाहीच. ३ एचपीला ३००० वॅट. २२ टक्क्यांची पॅनल घेतली तर साधारण १४ चौरस मीटर जागा. २७ टक्क्यांची मिळाली तर ११. वाचली किती? एका बाजेएवढी जागा. त्या बाजेएवढ्या जागेसाठी दोन हंगामांचं ओलित सोडायचं का? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरायची आहे.

पण पैसे भरायच्या आधी एक काम कर. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहोत. पंप सोलरचा असो की डिझेलचा, खालचं पाणी खारं असेल तर ते उपसून जमीन चोपण होईल, आणि सोलरला बिल येत नाही म्हणून उपसा जास्तच होतो. बोअरचं पाणी तपासून घे. शेततळ्यावर किंवा नाल्याच्या पाण्यावर पंप बसवता येत असेल तर प्रश्नच नाही.

बस, आता तुमचे प्रश्न.

प्रश्न : उन्हाळ्यात इथं पारा ४५ ला जातो. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त ना?

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे बरोबर, पण उष्णता जास्त म्हणजे वीज कमी. हवा ४५ अंश असेल तेव्हा पॅनल ७० पर्यंत तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या फरकाला जवळजवळ १६ टक्के गेली. आयआयटी मुंबईच्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक केंद्रानं देशभरातल्या पॅनलच्या पाहण्या केल्या आहेत, त्यात उष्ण प्रदेशातली पॅनल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर उतरतात असंच दिसलं. त्यामुळे पॅनलच्या मागून वारा खेळू द्या. पत्र्याला चिकटवून बसवू नका.

प्रश्न : काका, पॅनल आमच्या बोअरच्या पाण्यानं धुतलं तर चालते का?

ताई, खाऱ्या पाण्यानं नको. पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतो, पांढरे डाग पडतात, ते पुढे घासूनही निघत नाहीत. शेततळ्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, गाळून घ्या, आणि सकाळी काच थंड असताना मऊ फडक्यानं पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

प्रश्न : मग सर, या तारा आता कशाच्याच कामाच्या राहिल्या नाहीत का?

राहिल्या आहेत, आणि ही सोलरच्या शेजारचीच गोष्ट आहे. लिथियम बॅटरीत ऋण बाजूला ग्राफाइट वापरतात. वजनाच्या मानानं सिलिकॉन त्याच्या सुमारे दहापट लिथियम साठवू शकतं. पण लिथियम शिरलं की सिलिकॉन फुगतं, आकारमान जवळजवळ चौपट होतं, आणि फुगून-आकसून त्याचा भुगा होतो. २००८ साली स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटानं तिथे सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरल्या. तारांच्या मधे मोकळी जागा असते, त्यामुळे प्रत्येक तार फुगली तरी शेजारणीला धक्का लागत नाही, तुटत नाही. त्यातून निघालेल्या अँप्रियस कंपनीच्या बॅटऱ्या आज ड्रोनमध्ये वापरल्या जातात. त्या अजून महाग आहेत, शेतातल्या घरात ठेवण्याजोग्या नाहीत.